डबीतली साय

एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन सिल्व्हिया कुजबुजत होती. राहुरीत कॉलेज संपल्यापासून तिचा हाच धंदा. क्रीमच्या जाहिरातीचा व्हिडिओ करायला मोबाईलजवळ तोंड न्यायचं, डबीच्या झाकणावर नखं वाजवायची आणि झोपेत बोलल्यासारखं म्हणायचं, "ऐका... किती मऊ..." त्यानं म्हणे मुलींच्या मानेवर गोड शहारा येतो, आणि तो उतरायच्या आत त्या क्रीम मागवतात. सिल्व्हियाच्या मानेवर आजवर फक्त घामोळं आलं होतं.

ही नवी क्रीम मात्र मुकी निघाली. ताकासारखी पातळ; बोटावर घेतली की निमूट मनगटाकडे चालायला लागायची. कंपनीचा ओंकार पुण्याहून फोनवर म्हणाला, "मॅम, टेक्श्चर ऐकू आलं पाहिजे." तेव्हा कंटाळून तिनं क्रीम मोरीत ओतली आणि डबीत म्हशीच्या दुधाची साय भरली. चमच्यानं उचलताच साय अशी काही पचकन बोलली, की ओंकारनं लगेच आणखी व्हिडिओ मागितले.

"तुपाची साय कुठं जाती गं?" आई, मरियमबाई, स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"कामावर," सिल्व्हिया म्हणायची.

अशात घोडेगावहून मावसबहीण जेनिफर आली, ती ओढणीनं तोंड बांधून. लग्न पुढच्या आठवड्यात. ओढणी सोडली, तर गाल लालबुंद, सोललेले, हनुवटीवर पुरळ.

"ताई, तुझा व्हिडिओ बघून मागवली, तर मला डुप्लिकेट क्रीम आली गं," ती म्हणाली. "तुझी कशी घट्ट हाय, आवाज करती. माझी नुसतं पानी. म्हणून मी सारखी सारखी लावली."

सिल्व्हियानं तिचे गाल जवळून पाहिले. "जेनी, तुझीच खरी आहे. माझ्या डबीत साय असते. म्हशीची."

जेनिफर हसली. "चेष्टा नको ना ताई. लग्न हाय माझं."

"व्हय गं, समदी साय हीच नेती," मरियमबाईंनी आतून साक्ष दिली.

"मावशी पन सामील!"

"अगं, हे तोंड घेऊन चर्चमध्ये उभी राहणार आहेस का? ती क्रीम फेक आधी!" सिल्व्हिया ओरडली.

जेनिफरचे डोळे भरले. "व्हिडिओत किती मायेनं सांगती तू. आन मला आशी वरडती. तुझी डबी द्यायची न्हाई, तर सरळ म्हन की."

सिल्व्हियानं घाम पुसला. मग ती जेनिफरच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "जेनी... ऐक... ती क्रीम... आता नाही लावायची... अजिबात..."

जेनिफरचे खांदे सैल पडले, डोळे मिटले. "किती बरं वाटलं. मग काय लावू?"

"काहीच नाही."

"आसं कुठं आसतंय? कायतरी सांग ना."

दवाखान्यात डॉक्टरांनीही काहीच लावू नका म्हणून सांगितलं, पण ते मोठ्या आवाजात. कायतरी लावायला मिळाल्याशिवाय जेनिफर हलेना. शेवटी सिल्व्हियानं ताज्या सायीची डबी तिच्या हातावर ठेवली आणि जेनिफरच्या आत्याबाईंना बजावलं, हळद हातापायांनाच लावा, तोंडाला नको.

गाल निवले. सायीनं नव्हे, ती क्रीम बंद झाली म्हणून. पण हे नवरीला कोण सांगणार? तिच्या लेखी डबीत ओरिजिनल क्रीमच होती.

लग्न लागलं, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, पंगती बसल्या. स्टेजवर पांढऱ्या गाऊनमधल्या जेनिफरभोवती मुलींचा घोळका जमला. सगळ्या तिच्या गालाला बोट लावून बघत होत्या, आणि जेनिफर डोळे अर्धवट मिटून कुजबुजत होती, "ओरिजिनल मागवा... किती मऊ... सिल्व्हियाताईचा सवलतीचा कोड टाका..." शेजारच्या कडूबाईची पूजा तर मोबाईल काढून बसलीही होती.

खुर्चीवर बसलेल्या सिल्व्हियानं मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. पंगतीच्या जेवणानं तिला फार झोप येत होती. तरी ती उठली, स्टेजवर चढली, पूजाच्या मोबाईलवर हात ठेवला आणि तिच्या कानाशी वाकली.

"पूजा... ऐक... नको मागवू..."

पूजाच्या मानेवर शहारा आला. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. ते बघून बाकीच्या मुलीही कानामागचे केस सारून हौसेनं पुढं सरकल्या.

सिल्व्हियानं कमरेवर हात ठेवून एकदा त्या रांगेकडे पाहिलं, आणि ती पुढच्या कानाशी वाकली.