माझे तोंड गोलच राहणार

मित्रांनो, मी एक जुना नट आहे, गाडीच्या चाकाचा. एका चाकाला आम्ही चौघे, गाडीला एकूण सोळा. 'झिजलेला' असा शिक्का मारून मला एकदा भंगाराच्या डब्यात फेकले होते. तो शिक्का खोटा होता. मी जुना आहे, हे मान्य. झिजलेला मात्र नाही.

पोलादाच्या कांबीतून मला कापले, भट्टीत तापवले, तेलात बुडवले. मग आतून आटे पाडले. सगळ्यात शेवटी माझे तोंड घडवले. नटाचे तोंड म्हणजे जो भाग चाकाला टेकतो तो. माझे तोंड गोल आहे, लहान वाटीच्या बुडासारखे. ज्या लोखंडी चाकांसाठी मला घडवले, त्यांच्या भोकांच्या कडाही तशाच गोल, खोलगट होत्या. मी तिथे बसलो की मधे कागदाचा कपटाही शिरत नसे.

दुसऱ्या जातीचे नट असतात. त्यांचे तोंड उतरते, नरसाळ्यासारखे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांचे आटे आणि माझे आटे अगदी सारखे असू शकतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा फिरतो, चढतो, घट्टही वाटतो. माणसाची फसगत तिथेच होते.

आमची गाडी शिकाऊ लोकांची होती. एक बाई लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. गाडीत बसण्याआधी त्या प्रत्येकाला चाकाशी उकिडवे बसवत आणि आमचा एकेक नट पान्याने तपासायला लावत. समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाही. पान्यावर उभे राहायचे नाही.

एकदा एक जाडजूड बेकरीवाले वैतागले. म्हणाले, "बाई, मला गाडी शिकायची आहे. नटांशी सोयरीक नाही करायची."

"सोयरीक नका करू," बाई म्हणाल्या. "ओळख तर करून घ्याल? तोंडओळख नसलेल्यांच्या भरवशावर ताशी साठनं जाणार का तुम्ही?"

बेकरीवाले बसले. उठताना त्यांना दोघांनी हात दिला. पण नट तपासूनच उठले.

बाईंचे यजमान शिंपी. दुकान तळमजल्यावर, खिडकीसमोर गाडी. शिवता शिवता ते मान वर करून बघत. बाई चाकाशी बसलेल्या दिसल्या की पुन्हा मान खाली घालून मशीन चालवत. अशी सतरा वर्षे गेली.

मग एका सकाळी बाई आल्या नाहीत. दुसऱ्याही सकाळी नाहीत. आठवडाभर घरात माणसांची ये-जा होती. नंतर तीही थांबली. गाडीवर कापड घातले गेले. शिंपीकाका दुपारी कापडाचा कोपरा उचलून आत येत, दार लावून घेत. बाई गाडी चालवत तेव्हा ते ज्या सीटवर बसत, तिथेच बसत. चालकाच्या सीटवर कधी बसले नाहीत. थोड्या वेळाने कापड नीट करून दुकानात परत जात. टायरांतली हवा हळूहळू गेली.

आठ महिन्यांनी त्यांच्या लेकीने कापड काढले.

"बाबा, आईची शाळा मी चालवणार आहे. परवापासून. पहिली शिकाऊ एक नर्सबाई आहे, तिला हो म्हणून बसलेय."

काकांनी वाकून चाकावर बोट फिरवले. मग म्हणाले, "चाकं गंजलीत."

"नवी बसवते. अलॉयची. लोकांना गाडी बघून वाटलं पाहिजे की शाळा चालू आहे."

टायरवाल्याकडे चकचकीत चाके निघाली. लेकीने विचारले, "नट नवे लागतील का?"

"कशाला, ताई? आटे तेच आहेत. जुनेच चालतील."

त्या चाकांची भोके नरसाळ्यासारखी उतरती होती. माझे गोल तोंड त्यांत एका बारीक रेघेवर टेकले, बस. बाकी सगळीकडे पोकळी. टायरवाल्याने हवेची बंदूक लावली आणि घर्र करून मला आवळले. बाहेरून बघणाऱ्याला मी घट्ट दिसत होतो. मला ठाऊक होते, मी नुसता अडकलो आहे.

दुसऱ्या दिवशी लेक काकांना बसवून गाडी चालवून बघायला निघाली. सकाळ झाली की त्याच गाडीत नर्सबाई बसणार होती, हातात पहिल्यांदाच स्टिअरिंग धरून. चाक निखळले तर काय होईल, ते मला माहीत होते. नटाला बोलता येत नाही. पण गप्प बसलेच पाहिजे असा काही नियम नाही. मी सैल झालो आणि वाजू लागलो. कट्. कट्. कट्.

"खडी आहे," लेक म्हणाली.

"खडी संपली की गं मघाशीच."

"बाबा, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाही कळत. सैल काय ते कळतं. थांबव."

"अहो, नवी चाकं आहेत. थोडा आवाज येतोच."

"अगं, थांबव म्हणतो ना."

तिने गाडी कडेला घेतली. काका गुडघे धरत खाली बसले. त्यांनी दोन बोटांनी मला धरले आणि मी फिरलो. पान्याशिवाय, दोन बोटांनी. चौघांतले तिघे असेच फिरले.

लेक फुटपाथवर बसली. "उद्या ती नर्सबाई असती इथे," एवढेच म्हणाली.

आम्हाला पुन्हा आवळून, मुंगीच्या पावलांनी, ती गाडी टायरवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला काढले आणि बघितलेही नाही. "नट झिजलेत, काका. जुना माल. नवे घाला." आणि मला भंगाराच्या डब्यात टाकले.

सतरा वर्षे मी एकदाही सैल झालो नव्हतो. चूक निवडणाऱ्याची, आणि फेकले मला.

शिंपीकाकांनी डब्यात हात घातला. मला बाहेर काढून सदऱ्याला पुसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला डोळ्यांजवळ धरले. मग चाकाच्या भोकाकडे बघितले.

"झिजला कुठे हा? आटे बघा."

"मग सैल का झाला?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय. याचं तोंड गोल. तुमच्या चाकाचं भोक उतरतं. कोटाचं बटण सदऱ्याच्या काजात घातलंत, आणि आता दोष बटणाला?"

"काका, तुम्ही शिंपी आहात."

"म्हणूनच सांगतोय."

टायरवाल्याने मला हातात घेतले, भोकात टेकवून बघितले आणि कान खाजवला. आत जाऊन उतरत्या तोंडाचे नट घेऊन आला. या वेळी बंदूक बाजूला ठेवली. प्रत्येक नट आधी हाताने चढवला, अडखळत नाही ना ते बघितले, किती आटे पकडतात ते मोजले, मग समोरासमोरचे पान्याने आवळले. "शंभर किलोमीटर झाले की परत या. नव्या चाकाचे नट एकदा पुन्हा आवळावे लागतात," असे तो जरा हळू आवाजात म्हणाला.

मग आम्हा सोळांकडे बघून, "हे तर टाकू ना?"

काका होकारार्थी मान हलवणारच होते. लेक मधे पडली. "थांबा. बाबा, डिकीतली स्टेपनी जुनीच आहे, लोखंडी. तिची भोकं गोल आहेत. रस्त्यात पंक्चर झालं आणि हे नवे नट तिला लावले, तर पुन्हा तेच होईल."

काकांनी तिच्याकडे बघितले. "टाकू नका," ते टायरवाल्याला म्हणाले. "एकही नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी जाड कापडाची पिशवी शिवली, आम्हाला तेलाचे बोट लावून तिच्यात भरले आणि पिशवी स्टेपनीला बांधली. सकाळी नर्सबाई आली. गाडी चारदा बंद पडली, एकदा फुटपाथला घासली, पण चाके जागच्या जागी राहिली.

तेव्हापासून मी डिकीत आहे. माझी कीव करू नका, मित्रांनो. मी अडगळीत पडलेलो नाही, कामावर आहे. बाहेरचे चकचकीत नट त्यांच्या चाकावर बरोबर आहेत, माझ्या चाकावर चूक. तुम्ही मोठे झाल्यावर गाडीला हवी ती चाके लावा, जुनी लावा, नवी लावा. पण नट उचलताना बोल्टची जाडी आणि आट्यांमधले अंतर बघून थांबू नका. त्या चाकाला कसल्या तोंडाचा नट लागतो, ते विचारा. आणि जो सैल झाला त्याला फेकण्याआधी, त्याला कुठे बसवले होते तेही बघा.

माझे तोंड मी कोणासाठी बदलणार नाही. पुन्हा मला परक्या चाकावर बसवलेत, तर मी पुन्हा सैल होईन आणि पुन्हा वाजेन. गाडी थांबेपर्यंत वाजेन.