रेषा दिसतात तोवर

आनंदाबाईंनी फ्रिज उघडला आणि आतून दोन स्वेटर, एक शाल आणि नातीसाठी विणलेली कानटोपी बाहेर काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास थेट ओसरीपर्यंत गेला असावा, कारण तिकडून अण्णाजी खाकरले.

दिवाळी सरली की या घरातला फ्रिज बंद व्हायचा आणि होळीपर्यंत कपाटाचं काम करायचा. बाहेर थंडी फुकट पडून असताना ती विकत कोण घेतं, हा अण्णाजींचा सवाल. पहिल्या वर्षी आनंदाबाईंनी वाद घातला. दुसऱ्या वर्षी त्यांनी आत पापडाचे डबे ठेवून पाहिले. उंदरांना दार उघडता येत नाही हे कळल्यावर मात्र त्या स्वतःच दिवाळीनंतर फ्रिज रिकामा व्हायची वाट पाहू लागल्या. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतोच.

आज कपडे निघत होते ते पुण्यासाठी. मुकेशनं, त्यांच्या मुलानं, तिकडे मोठं घर भाड्यानं घेतलं होतं आणि त्यातली एक खोली आईबाबांची म्हणून ठेवली होती. पवनारचं हे घर कुणाला तरी भाड्यानं द्यावं आणि दोघांनी कायमचं तिकडे यावं, असं त्याचं आणि सुनेचं, वर्षालीचं, म्हणणं होतं. नात गुंजन तर रोज फोनवर विचारायची, आजी आज निघाली का. आज दिवेलागणीला मुकेश फोन करणार होता, आणि हो म्हटलं की लगेच तिकिटं काढणार होता. आनंदाबाईंचा होकार केव्हाचा तयार होता. कानटोपीच्या गोंड्यापर्यंत तयार होता. रात्री डोळा लागताना त्यांना गुंजनचे केस विंचरत असल्याचा भास व्हायचा, आणि सकाळी बोटं रिकामी वाटायची. अडून बसले होते ते अण्णाजी.

"तिकडे पान्याचेही पैसे लागते," एवढंच ते म्हणायचे आणि विषय संपवायचे.

अण्णाजींची सारी हयात पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याची दारं उघडायची, शेतं भिजली की बंद करायची. उघडण्यापेक्षा बंद करण्यात त्यांचा हात जास्त बसला, असं आनंदाबाई माहेरी सांगायच्या आणि माहेर पोट धरून हसायचं. घरात नवा साबण आला की जुन्याची चपटी कपची त्याच्या पाठीवर बसायची. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात पडायचं. अर्धी जळलेली काडी दुसऱ्या शेगडीसाठी राखून ठेवली जायची. डाळीला चांगली उकळी आली की गॅस बंद, आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात. जेवायच्या वेळेपर्यंत डाळ आतल्या आत मऊ झालेली असायची. आमची डाळ झोपेत शिजते, असं आनंदाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आणि सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटायचा.

पण या वर्षी अण्णाजींनी ताळतंत्रच सोडलं होतं. पावसाळ्यात त्यांनी पेपर बंद केला. बातम्या रेडिओवर फुकट मिळतात म्हणाले. मग बसनं वर्ध्याला जाणं सोडलं, तेही तिकीट अर्धं लागत असताना. बाजारहाट आनंदाबाईंच्या गळ्यात पडला. शेवटी धाम नदीच्या काठावरचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. कारण काय, तर चपला झिजतात. चपला झिजतात म्हणून पाय घरात ठेवणारा माणूस आनंदाबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शेजारच्या कौशल्याबाईंजवळ त्यांनी मन मोकळं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, वय झालं का लोभ वाढते माणसाचा. तो शब्द आनंदाबाईंना लागला, पण खोडून काही काढता आला नाही.

कपड्यांची घडी पिशवीत ठेवून त्या ओसरीवर आल्या. अण्णाजी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. दाणे एका ताटलीत, आणि सालपटं कौशल्याबाईंच्या बकरीसाठी टोपल्यात. प्रत्येक दाणा ते अंगठ्याखाली फिरवून पाहत आणि किडका असला की बाजूला टाकत. दुपारपासून लाईट गेलेली होती. अंगणातल्या उन्हानं आता भिंत सोडली होती आणि ते शेवग्याच्या शेंड्यावर जाऊन बसलं होतं.

ही वेळ या घरात निराळीच असायची. अण्णाजींच्या वडिलांनी कंदिलाच्या काळात एक नियम घालून दिला होता. तळहाताच्या रेषा दिसतात तोवर दिवा लावायचा नाही. रॉकेल गेलं, वीज आली, वडील गेले, पण नियम राहिला. संध्याकाळ उतरली की घरातला कर्ता माणूस ओसरीवर बसून हात डोळ्यांसमोर धरायचा, आणि तो "लावा" म्हणेपर्यंत घर तसंच अंधारत जायचं.

नवी नवरी होऊन आल्या तेव्हा आनंदाबाईंना हा वेडेपणा वाटला होता. मग त्यांच्या लक्षात आलं, की दिवा नाही म्हणजे काम नाही. या अंधुक वेळात सासूलाही काही सांगता येत नसे, कारण तिलाही काही दिसत नसे. दिवसभराच्या रगाड्यात तेवढाच वेळ त्यांना अण्णाजींच्या शेजारी नुसतं बसता यायचं. चुलींचा धूर अंगणात सपाट पसरायचा, धामेवरून गार ओल यायची, आश्रमातली घंटा वाजून जायची, आणि वर्ध्याच्या बसचे दिवे झाडांआडून सरकत जायचे. कधी ते बोलायचे, कधी नाही. मुकेश याच वेळात मांडीवर पडून पाढे शिकला. ज्या घरानं साबणाची कपची वाया जाऊ दिली नाही, त्यानं ही एक वेळ मात्र जन्मभर उधळली.

आजही त्या बाजेच्या कडेला टेकल्या. उजेड दुधासारखा पातळ होत गेला. तुळशीची पानं आधी वेगळी दिसेनाशी झाली, मग सगळी तुळसच एक गडद ठिपका झाली. आनंदाबाईंना गुंगी आल्यासारखं झालं. मुकेश अजून मांडीवर आहे, सासू आत उंबऱ्याशी बसली आहे, आणि पुणं म्हणून काही गावच नाही, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग गोधडीतल्या डाळीची आठवण झाली आणि त्या चाचपडत आत गेल्या. चाचपडणं नुसतं नावाला. त्या घरात त्यांच्या पायांना सगळं पाठ होतं.

डाळ मऊ झाली होती. पातेलं झाकून त्या परत दाराशी आल्या, तर ओसरीवर दिवा लागलेला.

अण्णाजींच्या पाठीमागच्या भिंतीवर मुकेशनं बसवून दिलेला पांढरा बल्ब होता. दुपारी लाईट आली का हे पाहताना त्याचा खटका आपल्याच हातून दाबलेला राहिला, हे आनंदाबाईंना आठवलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून त्या घाईनं खटक्याकडे वळल्या. चपलेचा आवाज झाला तसा अण्णाजींनी हात वर केला आणि तळहात डोळ्यांसमोर धरला.

"लाऊ नको अजून," ते म्हणाले. "दिसून राह्यल्या."

आनंदाबाईंचा हात खटक्यापाशी थांबला. आधी त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. दिवा डोक्यामागे जळत होता. त्या तळहातावर लख्ख उजेड पडला होता, बोटांना चिकटलेली तुरीची हिरवी सालंसुद्धा दिसत होती, आणि अण्णाजींची सावली अंगणात तुळशीपर्यंत लांब गेली होती. पण अण्णाजी हाताकडे पाहत नव्हते. त्यांची नजर हाताच्या बाजूनं निघून गेली होती, दूर, जिकडून बसचा आवाज येत होता तिकडे.

मग पेपर आठवला. बस आठवली. झिजणाऱ्या चपला आठवल्या. दाणा अंगठ्याखाली फिरवून पाहणं तर आत्ताचंच. वर्षभरातली सगळी काटकसर आनंदाबाईंसमोर एकेक करून आली आणि प्रत्येकीचा चेहरा बदललेला होता. या माणसाला आपण कौशल्याबाईंसमोर लोभी म्हणू दिलं, याची त्यांना भयंकर लाज वाटली. रडू आलं होतं, पण ते ऐकू गेलं असतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि थोडं थांबून बाजेवर येऊन बसल्या.

"डोळ्यायचं शिबिर हाय म्हने शाळेत," त्या म्हणाल्या. "फुकट हाय."

असं कुठलंही शिबिर नव्हतं. पण फुकट या शब्दाला अण्णाजी कधी नाही म्हणाले नव्हते. त्यांची बोटं शेंगेवर थांबली. बराच वेळ त्यांनी ती शेंग सोललीही नाही आणि खालीही ठेवली नाही.

"गेलतो," ते शेवटी म्हणाले. "पोळ्याच्या आधी. तुले सांगितलं का बँकेत जातो म्हनून."

"काय म्हने डॉक्टर?"

"काचबिंदू. गेलं थे वापस येत नाई. राह्यलं थे जपून वापरा." अण्णाजी किंचित हसले. "मले सांगून राह्यला. जपून वापराले."

थेंबांची बाटली देवाच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्यामागे होती. थेंब रोज टाकतो, त्यात कंजुषी करत नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. डोळ्यांसमोर आता एक नळी उरली आहे म्हणाले, आणि नळीच्या पलीकडे धुकं. उजेड असला तरी तेच.

"सांगितलं काऊन नाई मले?"

"तू म्हनली असती, चला पुण्याले, तिकडे मोठे डॉक्टर हायेत." अण्णाजींनी अंगणाकडे हात केला. "इथं मले सारं दिसते, मुकेशची माय. उंबरठा, मोरी, रांजण, तुयी पाट्याची जागा. जनमभर अंधारातच वागलो ना आपुन या घरात. तिकडे गेलो का मी आंधळा."

आनंदाबाईंनी ताटलीत राहून गेलेला एक किडका दाणा उचलून बाजूला टाकला.

"तू जाजो पन," ते म्हणाले. "तुयं मन हाय तिकडे. मायं मी करून घेईन."

आतून फोन वाजला. कोनाड्यातून तो घेऊन आनंदाबाई दारातच उभ्या राहिल्या. मुकेशनं आडवळण घेतलं नाही. तिकिटं काढतो आहे, बाबा काय म्हणतात, एवढंच विचारलं. ओसरीवरच्या दिव्याच्या उजेडात आतल्या खोलीतली पिशवी दिसत होती. वर शाल, शालीवर कानटोपी. आनंदाबाईंनी एकदा त्या टोपीकडे पाहिलं.

"नाई रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "तिकडे पान्याचेही पैसे लागते."

पलीकडे मुकेश हसला. आई, तू बाबांसारखी कधीपासून बोलायला लागलीस, म्हणाला. आनंदाबाईंनी त्याला येत्या रविवारी एकट्यानं येऊन जायला सांगितलं. काम आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि बाबांच्या इथल्या डॉक्टरला तुला भेटायचं आहे, हे त्या आवाज उतरवून म्हणाल्या. मुकेशचं हसू थांबलेलं त्यांना ऐकू आलं. मग गुंजननं फोन ओढून घेतला आणि तिचं रोजचं विचारलं. तिला पाण्याचे पैसे सांगून भागणार नव्हतं.

"तुयी टोपी तयार हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "फ्रिजमंधी ठेवून देते. तू घ्याले येजो."

टोपी फ्रिजमध्ये का, हे त्यांनी गुंजनला दोनदा समजावून सांगितलं.

फोन ठेवून त्या ओसरीवर आल्या. अण्णाजींनी सगळं ऐकलं होतं. ताटलीतले दाणे ते उगाच बोटांनी सारखे करत होते.

"तुले जायचं होतं ना," ते म्हणाले.

"होतं."

आनंदाबाईंनी खटक्यावर अंगठा ठेवला आणि आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश दाबत नेला. दिवा गेला. अंगण, तुळस, शेवगा, सगळं एका घोटात अंधारात उतरलं. अण्णाजी जसे बसले होते तसेच बसून राहिले. आनंदाबाई सरावानं चार पावलं चालल्या आणि बाजेवर त्यांच्या अगदी लगत बसल्या. धामेवरून गार ओल येत होती.

"झाली का वेळ?" अण्णाजींनी विचारलं. "आता तूच पाहत जाय. मले सांगजो."

आनंदाबाईंनी तळहात डोळ्यांसमोर धरला. रेषा तर नाहीच, हातसुद्धा दिसत नव्हता. तो त्यांनी आणखी जवळ आणला, नाकाला बोटं लागेपर्यंत.

"दिसून राह्यल्या अजून," त्या म्हणाल्या. "बसा."