ओढायचं नाही

ओढायचं नाही. ओढलं की केसांतली मूठ आणखी आवळते. त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, त्याच्याकडे सरकायचं, हळू बोलत राहायचं.

शिकवलेलं सगळं तिला आठवत होतं. तरी तिचं डोकं न्हाणीघराच्या भिंतीवर आपटलं.

मतिमंदांच्या त्या संस्थेत त्याला सगळे पैलवान म्हणत. वय तिशीचं. बोलता येत नसे. साबण डोळ्यांत गेला की हातच बोलायचे. तिने नेहमीसारखं आधी सांगितलं होतं, पाणी घालते हं राजा.

पुन्हा भिंत. तोंडात रक्ताची चव. सोड रे, सोड राजा, असं ती म्हणत होती आणि तिच्या हाताने स्टीलचा तांब्या उचलला होता.

तांब्या नळावर आदळला. त्या आवाजाने मूठ सुटली. पैलवान कान झाकून कोपऱ्यात बसला, रडू लागला.

मूठभर केस. लाल पाणी. पोचा आलेला तांब्या.

तांब्या मांडीवर घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. नव्या व्यवस्थापक बाई शेजारी टेकल्या. आधीचे साहेब अशा वेळी एकच विचारत: तू काय केलंस म्हणून तो चिडला? बाईंनी बर्फ दिला आणि कुठे कुठे दुखतंय ते विचारलं.

"नळावर नव्हते मारत मी," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यावर मारत होते. नेम चुकला."

बाई तिच्याकडे वळून बसल्या. ती बोलतच राहिली.

"परवा लेक कंगवा घेऊन मागून आली. माझं कोपर बसलं तिच्या तोंडावर. ओठ फाटला पोरीचा. आता खोलीत यायच्या आधी दारातून सांगते, आई, मी येतेय. मला काढून टाका, बाई. उद्या नेम लागेल."

"काढायचं-बिढायचं नंतर बघू. आधी डॉक्टर. त्याच्या आंघोळीला आजपासून दोघं, आणि त्यात तू नाहीस." बाईंनी बाह्या सारल्या, आपल्या विरळ, बारीक कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "आज मी उरकते. माझ्यापाशी धरण्यासारखं आहे काय?"

तिला हसू आलं. भिंतीवर फुटलेला ओठ ताणला गेला आणि मग रडूच आलं.

"डोक्यावर हात ठेवू?" बाईंनी विचारलं.

तिने मान डोलावली. हात टेकताच तिचे दोन्ही हात झटकन वर गेले आणि तिने तो डोक्यावर घट्ट दाबून धरला, शिकवलं होतं तसा. दुखत होतं. आत पैलवान हुंदके देत होता.

बाईंनी हात ओढला नाही.