उचललेलं पान

काटेकाका वजनमापं खात्यातून निवृत्त झाले, तरी त्यांच्यातला इन्स्पेक्टर काही घरी बसायला तयार नव्हता. नोकरीत असताना ते दुकानदारांचे तराजू तपासायचे. आता तराजू हाताशी नव्हते, म्हणून माणसं तपासायचे. कोणी जिन्यात चपला काढल्या, कोणी सायकल आडवी लावली, कोणी केराची पिशवी घटकाभर दाराबाहेर ठेवली, की काका हजर. ‘ही सार्वजनिक जागा आहे,’ हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि शेवटचंही तेच. मधलं कोणी ऐकायला थांबत नसे. इमारतीने त्यांना ‘काटेकाका’ हे नाव ठेवलं ते तराजूच्या काट्यावरून की पायात रुतणाऱ्या काट्यावरून, याबद्दल मात्र दोन मतं होती.

अशा या माणसाची दाढ दुखायला लागली आणि त्यांना दाताच्या दवाखान्यात जावं लागलं.

बाहेरच्या खोलीत त्यांचा नंबर यायला वेळ होता. भिंतीवर किडलेल्या दाताचं भलंमोठं चित्र होतं. त्याच्याकडे बघवेना, म्हणून काकांनी मान वळवली आणि त्यांना खिडकीतलं ते रोप दिसलं. आफ्रिकन व्हायोलेट. चहाच्या बशीएवढा त्याचा पसारा. जाडसर, लवदार, मखमलीची कापून लावावीत तशी पानं आणि मधोमध गडद जांभळ्या फुलांचा झुबका. प्रत्येक पाकळीला पांढरी झालर. काकांनी उभ्या जन्मात कधी झाडाला पाणी घातलं नव्हतं. ते खातं काकूंकडे होतं. पण त्या झालरीने त्यांना काय केलं कोण जाणे. दाढ ठणकायची थांबली आणि बोटं शिवशिवायला लागली.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलामागची मुलगी फोनवर कोणाला तरी पुढची वेळ देत होती. कोपऱ्यात एक म्हातारी विणकाम मांडीवर घेऊन पेंगत होती. काका सहज उठल्यासारखे उठले, हवा बघितल्यासारखी बघितली आणि अंगठ्याच्या नखाने एक पान कचकन तोडलं. ते चष्म्याच्या डबीत टाकलं. डबी खिशात. चेहरा तसाच, कडक इस्त्रीचा.

ही चोरी नव्हतीच, असं त्यांनी परत खुर्चीत बसेपर्यंत स्वतःला पटवलंसुद्धा. हा नमुना होता. आणि नमुना घ्यायला अधिकाऱ्याला कोणाची परवानगी लागते?

घरी काकूंनी विचारलं, “हे पान कुठून आणलंत?”

“मिळालं.”

“कोणी दिलं?”

“दिलं असं नाही. मिळालं.”

काकूंनी पुढे विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात, कुठल्या प्रश्नाला उत्तर येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

कान तुटलेल्या कपात काकांनी रेतीमाती भरली, पान खोचलं आणि वर काचेची बरणी पालथी घातली. मग रोजची तपासणी सुरू झाली. सकाळी उठले की आधी बरणी, मग दात घासणं. काकू म्हणायच्या, “पोरं लहान असताना एकदा तरी रात्री उठला होतात का हो?” काका ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे. बरेच आठवडे काहीच झालं नाही. आणि एके सकाळी पानाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी दोन पिल्लं वर आली. काका इतके हरखले की त्यांनी दूधवाल्याला, दूध कमी का म्हणून न विचारता, हसून दाखवलं. तो बिचारा घाबरून अर्धा पेला जास्त घालून गेला.

रोप वाढलं. पण घरात उजेड एक तर रणरणता, नाहीतर नाहीच. बेताचा, गाळून आल्यासारखा उजेड सगळ्या इमारतीत एकाच ठिकाणी येत होता, तो म्हणजे जिन्याच्या मधल्या खिडकीत. ती जागा सार्वजनिक आहे हे काकांना त्या दिवशी आठवलं नाही. त्यांनी कुंडी तिथे ठेवली आणि वर पाटी लावली : ‘रोपास कोणीही हात लावू नये. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

फुलं आली तेव्हा तर काय विचारता! वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई शिष्येला मध्येच सोडून बघायला खाली आल्या. विमा विकणारे शेजारी, ज्यांना बघून लोक दारं लावून घेत, तेही तिथे उभे राहून पाच मिनिटं विम्याशिवाय बोलले. “काका, हात आहे हो तुमचा!” काका म्हणाले, “शिस्त लागते. रोप झालं तरी शिस्त लागते.”

आणि मग पानं जायला लागली.

पहिलं पान गेलं तेव्हा काकांना वाटलं गळलं असेल. दुसऱ्या वेळी देठाचा ओला तुकडा दिसला आणि त्यांचा पारा चढला. ते दाराच्या भोकाला डोळा लावून बसायला लागले. पण माणूस आहे, जेवायला उठतो, अंघोळीला जातो. तेवढ्यात पान साफ. असं कित्येक महिने चाललं. शेवटी त्यांनी जिन्यातच सभा बोलावली. झाडून सगळी इमारत पायऱ्यापायऱ्यांवर बसली. काका वरच्या पायरीवर उभे.

“आज पान गेलं. उद्या तुमचं कुलूप जाईल!” ते गरजले. “जो माणूस दुसऱ्याच्या रोपाला नख लावतो, तो काय उद्या दुसऱ्याच्या तिजोरीला सोडील? चोरी लहानमोठी नसते. चोरी ती चोरीच! आणि चोराला—”

‘चोराला’ या शब्दावर तोंडातून काहीतरी टक्कन उडालं आणि विमेवाल्यांच्या मांडीवर पडलं. दाढेत भरलेलं सिमेंट होतं ते.

सभा बरखास्त झाली. लोक माना खाली घालून आपापल्या घरी गेले. त्यांना लाज वाटली असावी अशी काकांची समजूत झाली. गाण्याच्या बाईंचे खांदे गदगदत होते, ते मात्र रडण्याने नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा त्या दवाखान्यात. आत जाताना त्यांनी खिडकीकडे चोरून पाहिलं. खिडकी मोकळी होती.

दाताच्या डॉक्टरीणबाई तरुण, हसऱ्या, बोलक्या. दाताच्या डॉक्टरला एक सोय असते, समोरचा उलट बोलू शकत नाही. काकांच्या तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी आणि बाईंची बोटं होती.

“खिडकीत रोप नाही म्हणून बाहेर उदास वाटलं का? सगळे विचारतात. आ मोठा करा. आईचं होतं हो ते. तिने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. कोणीतरी एक पान ओरबाडलं. आणि ओरबाडलं तेही धड नाही, अर्धा देठ तसाच ठेवला. तो देठ कुजला आणि ती कूज गड्ड्यात उतरली. गेलं सगळं. दुखतंय का?”

“आँ,” काका म्हणाले.

“असे कसे लोक असतात ना?”

“आँ,” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी दयाळूपणे आणखी एक सुई टोचली.

अर्धा जबडा बधिर घेऊन काका घरी निघाले तेव्हा त्यांचा निश्चय झाला होता. आपलं रोप नेऊन त्या खिडकीत ठेवायचं. कसं, काय सांगून, ते पुढचं पुढे. जिना चढून ते मधल्या खिडकीशी आले आणि तिथेच खाली बसले. रोपाला पानं उरली होती मोजून तीन, बाकी सगळे अर्धेमुर्धे देठ, आणि देठ काळे पडत चालले होते. कूज मधोमध पोचली होती. नखाने तोडलेलं कसं दिसतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आता त्याच वंशाचं रोप मिळणार कुठे? तर चोरांकडे.

ते गाण्याच्या बाईंच्या दारात गेले. आत तंबोऱ्याशेजारी काहीतरी होतं, त्यावर बाईंनी घाईघाईने ओढणी टाकली. “काही हवं होतं का काका?” हवं होतं. पण ‘हवं आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. उभी नोकरी त्यांनी नमुने घेतले होते, माल जप्त केला होता, हुकूम सोडले होते. मागितलं काही नव्हतं. “काही नाही,” म्हणून ते परत फिरले आणि त्यांना जमत होतं तेच त्यांनी केलं. नवी पाटी लावली. ‘ज्यांच्याकडे ते रोप असेल त्यांनी ते संध्याकाळपर्यंत जिन्याच्या खिडकीत आणून ठेवावे. चौकशी होणार नाही.’

संध्याकाळी काकांनी दार उघडलं आणि ते बघतच राहिले. खिडकी भरून रोपं पायऱ्यांवर उतरली होती. झाकण हरवलेल्या किटलीत, रंगाच्या डब्यात, पोराच्या खेळण्यातल्या बादलीत. विमेवाल्यांच्या मगवर ‘आजच भविष्य सुरक्षित करा’ असं छापलेलं होतं. जो माणूस काकांच्या भाषणात सगळ्यात जोरात मान हलवत होता, त्याच्याकडून तर दोन आली होती. काका आ वासून मोजत असताना मागे पाऊल वाजलं. काकू. हातात त्यांच्या सुईदोऱ्याचा जुना डबा आणि डब्यात छान तरारलेलं रोप.

“तू?” काकांनी विचारलं.

“बहिणीला द्यायचं होतं,” काकू म्हणाल्या. डबा खाली ठेवून त्या आत वळल्या. “मला काय, मिळालं.”

काकांनी गाण्याच्या बाईंचं रोप उचललं. त्याला कळ्या होत्या. ते घेऊन ते दवाखान्यात गेले. वाटेत त्यांनी भाषण तयार केलं होतं, की बाजारात सहज दृष्टीस पडलं, तुमची आठवण झाली, समाजात काही चांगले लोकही असतात. बाहेरच्या खोलीत डॉक्टरीणबाई नव्हत्या. कोपऱ्यातली म्हातारी तेवढी होती, विणकाम घेऊन.

“बाजारात सहज—” काकांनी सुरुवात केली.

“चष्म्याच्या डबीत गुदमरून मरेल असं वाटलं होतं मला,” म्हातारी सुयांवरची नजर न काढता म्हणाली. “जगवलंत म्हणायचं.”

“तुम्ही... पेंगत होतात.”

“या वयात पेंगायला लागलं की लोक मोकळेपणाने वागतात. लेकीला नाही सांगितलं मी. नाहीतर तिने तुमची दाढ जास्तीची खोदली असती.” तिने कुंडी हातात घेतली, एक पान बोटाने हलकेच वर करून खालून पाहिलं. “छान आहे हो. या आत.”

आतल्या खोलीच्या खिडकीत एक फळी होती आणि फळीवर गुलाबी, पांढरी, फिकट निळी व्हायोलेटं. “गुलाबी माझ्याकडे फार झालंय,” म्हातारी म्हणाली. तिने हातात छोटं पातं घेतलं होतं, पण ती हलेना. तिला काय हवं आहे हे काकांच्या उशिरा ध्यानात आलं. त्यांनी घसा खाकरला.

“मला... एक पान... द्याल का?”

“देईन की,” म्हातारी म्हणाली आणि देठ अगदी बुडापासून कापला.

गुलाबी रोप वाढलं, जांभळ्यापेक्षा दुप्पट फुललं. काकांनी ते जिन्यात ठेवलं, पाटीशिवाय. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायला लागले, “पान हवं असेल तर सांगा हं. देतो. संकोच करू नका.” लोक “हो हो” म्हणायचे आणि जिना उतरायचे. गाण्याच्या बाई म्हणाल्या, सध्या जागा नाही. विमेवाले म्हणाले, फुकट देताय म्हणजे काहीतरी अट असणार, आम्हीही याच धंद्यात आहोत. बघताबघता रोप कुंडीबाहेर ओसंडलं. एक पान कोणी मागेना, एक कोणी तोडेना.

एका संध्याकाळी काका हिरमुसले होऊन घरात येऊन बसले. “काय लोक आहेत बघ. हातात देतोय तरी घ्यायला कोणी तयार नाही. काय करावं?”

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तुम्ही असं करा, दोन दिवस बाहेरगावी जाऊन या.”