पगार मागणाऱ्याचा बाप

रास एल-मिल्ह या किनाऱ्यावरच्या गावात, मैदानासमोर, मुंजी नावाच्या माणसाचं लबलाबीचं दुकान होतं. शिळा पाव कुस्करायचा, त्यावर उकळते हरभरे ओतायचे, वर जिरं, हरिसाची तिखट लाल चटणी आणि एक अंडं. मॅचच्या दिवशी वाडगी विसळायला उसंत नसायची. गावचा फुटबॉल क्लब जिंकला की मुंजी अंड्याचे पैसे घेत नसे. हरला की कुणाशी धड बोलत नसे. त्याचा थोरला मुलगा घाझी याच क्लबात बचावफळीत खेळायला लागला, तेव्हा तर बापाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

एका सकाळी लझहर मासळीवाला दुकानात आला, पण रोजच्यासारखा बाकावर बसला नाही.

"कळलं का? सहा गुण कापले आपले."

"कुणी कापले? रविवारी तर जिंकलो की!"

"फिफानं. तुझ्या घाझीच्या तक्रारीवरून. जिंकायचं आम्ही, आणि बुडवायचं तुझ्या पोरानं. वा रे वा!"

एवढं बोलून लझहर तसाच बाहेर पडला. मुंजी हातात पळी धरून उभाच.

तक्रारीचं त्याला ठाऊक होतं. घाझी दोन हंगाम खेळला, त्यातला निम्म्याहून जास्त काळ पगाराविना. आज देतो, उद्या देतो, करता करता पोरगा कंटाळला आणि ओमानच्या एका क्लबाकडे गेला. तिथून वकील गाठून त्यानं दाद मागितली, आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला. क्लबनं मुदतीत पैसे भरले नाहीत. आधी नवे खेळाडू घ्यायला बंदी आली, आणि आता हे. गुणतक्त्यात मधोमध असलेला क्लब पार तळाशी जाऊन बसला होता.

मुंजीला एकच गोष्ट उलगडेना. ज्याचे पैसे बुडाले तोच चोर कसा झाला? आणि तो चोर नाही म्हणावं, तर मग क्लब चोर ठरतो. तेही त्याच्या तोंडून निघेना.

"त्यात न कळण्यासारखं आहे काय?" त्याची बायको दलीला लसूण सोलता सोलता म्हणाली. "क्लबचा कॅप्टन असताना पोरगा बसच्या भाड्याला माझ्यापुढे हात पसरायचा. विसरलात?"

"विसरलो नाही. पण क्लब आपला आहे."

"आणि पोरगा शेजाऱ्यांचा?"

दुकानातली गर्दी ओसरली. लोक समोरून जायचे, सलाम करायचे, आत मात्र यायचे नाहीत. शेवटी मुंजी उठला आणि क्लबच्या अध्यक्षाकडे गेला. अध्यक्ष तौफिकचा सिमेंटचा धंदा. गोण्यांच्या थप्पीआड टेबल टाकून तो बसला होता. त्यानं मुंजीला खुर्ची दिली, कॉफी मागवली.

"मुंजी, मी काय माझ्या खिशातून देणार नाही? पण नियम आडवा येतो हो. क्लबनं कमवावं तेवढंच उडवावं, असा कायदा झालाय. मी पैसे घातले तर ते क्लबची कमाई धरत नाहीत, कर्ज धरतात. कर्ज वाढलं की परवाना नाही. परवाना नाही की लीगमध्ये जागा नाही."

"म्हणजे पैसे घातले तरी बुडणार, न घातले तरी बुडणार?"

"आता कसं बरोबर बोललात!"

मुंजीला आपण नेमकं काय बरोबर बोललो ते समजलं नाही. "मग आधी इतकी वर्षं घातलेत ते?"

"ते क्लब मला देणं लागतो. तुमच्या घाझीच्या मागे रांगेत मीसुद्धा आहे."

"घाझीचे अडकले, तुमचे अडकले. मग पैसे आहेत कुणाकडे?"

तौफिक खळखळून हसला. "ते कळलं असतं तर त्याच्या दारात जाऊन बसलो नसतो का?"

भांडायला म्हणून गेलेला मुंजी परतला तो तौफिकचीही कीव करत. डोकं आणखीच भणाणलं होतं.

पुढच्या आठवड्यात क्लबच्या पाठीराख्यांनीच वर्गणी काढली. गावाची ही देणगी मात्र नियमात बसत होती म्हणे. ती का बसते आणि तौफिकचे पैसे का बसत नाहीत, हे मुंजीनं कुणाला विचारलं नाही. बँकेसमोर रांग लागली. शाळेतल्या मास्तरणी आल्या, होडीवाले आले, कधी मैदानात पाऊल न टाकलेल्या म्हाताऱ्या आल्या. मुंजीही येऊन उभा राहिला.

पुढे उभा असलेला लझहर वळला. "तू कशाला? शेवटी तुझ्याच घरात यायचेत ना?"

"मी क्लबसाठी भरतोय."

"या हातानं द्यायचे, त्या हातानं घ्यायचे! तुझी मजा आहे, बाबा."

कुणीतरी हसलं. मुंजीनं नव्या फ्रीजसाठी ठेवलेले पैसे खिडकीत सरकवले. आपण ते क्लबला दिले, पोराला दिले, की गावाची माफी मागितली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी घाझीचा फोन आला. "बाबा, आई सांगते ते खरं? तुम्ही पैसे भरलेत?"

"भरले."

"म्हणजे माझा पगार तुम्ही देणार?"

"क्लब देणार."

"अहो, पण तुमच्याच पैशातून!"

"मला नाही कळत रे त्यातलं," मुंजी म्हणाला. "सगळे भरत होते, मीही भरले."

मग घाझी म्हणाला, "वकिलाला सांगतो. अर्धे सोडले मी."

उरलेले अर्धे वर्गणीतून फिटले. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला, आता गुण परत येणार म्हणून. पण पैसे फिटले तरी कापलेले गुण परत मिळत नाहीत, असं फिफाचं उत्तर आलं. शेवटची मॅच क्लबनं दोन गोलांनी जिंकली. लोक नाचले, मिठ्या मारल्या. तेवढ्यात दुसऱ्या मैदानावर तळाचा दुसरा क्लबही जिंकल्याचं रेडिओवर कळलं आणि गावचा क्लब लीगच्या खालच्या वर्गात घसरला. जिंकलेले खेळाडू मैदानात रडत बसले. टाळ्या वाजवाव्यात की शिव्या द्याव्यात ते न सुचून माणसं जागची हललीच नाहीत.

उन्हाळ्यात घाझी घरी आला. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन, सगळ्यांसमोर, त्यानं सांगितलं, "यंदा मी आपल्या क्लबातून खेळणार. फुकट."

लझहरनं हातातलं वाडगं खाली ठेवलं. उठून त्यानं घाझीला कवटाळलं. "गाढवा, हे आधी नाही का सुचलं!"

"आधी फुकटच खेळत होतो, काका," घाझी म्हणाला.

तिघं मिळून क्लबच्या कचेरीत गेले. चिटणिसानं मान हलवली. "नोंद करता येणार नाही. बंदी आहे अजून."

"माझं तर मिटलं ना?"

"तुझं मिटलं. आता आपल्या जुन्या सर्बियन कोचची तक्रार वर आलीय, त्याचाही पगार थकलाय."

"अहो, पण हा फुकट खेळतोय!" मुंजी कळवळून म्हणाला. "एक दिनार घेणार नाही!"

"काका, फुकट असला तरी नवा खेळाडू तो नवाच."

ज्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला, तिथे घाझी नवा! मुंजीनं चिटणिसाकडे पाहिलं, मग लेकाकडे. यावेळी लझहरलाही काही समजलं नव्हतं, हे पाहून त्याला जरा बरं वाटलं.

खालच्या वर्गातली पहिली मॅच क्लब कोवळ्या पोरांना घेऊन खेळला. पायऱ्यांवर मुंजी, घाझी आणि लझहर शेजारी शेजारी बसले. लझहरनं सूर्यफुलाच्या बियांची पुडी फोडली आणि पहिली मूठ घाझीच्या ओंजळीत ओतली.

"तू केलंस ते बरोबर होतं का रे?" मुंजीनं हळूच विचारलं.

"तेव्हा वाटलं होतं. आता तुम्हीच सांगा."

मुंजी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात मैदानातला उजवा बचावपटू जागा सोडून चेंडूमागे पुढे धावत सुटला, आणि बापलेक एकाच वेळी उठून ओरडले, "अरे, मागे ये! मागे!"