मोदकाआधी फोन

केशरकाकूंना सगळं सहन व्हायचं, पण आपली सून 'घरीच असते' हे काही गळी उतरेना. चौदा वर्षं संचिता डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत दहावीला गणित शिकवत होती. दुपारी तिच्यासाठी फोन आला की काकू आवाज चढवून सांगायच्या, "बाई तासावर आहेत! पाचनंतर करा!" शेजारच्या खिडकीपर्यंत ऐकू जायला नको? पण मुलं कमी होत होत यंदा एप्रिलमध्ये शाळाच बंद झाली. तेव्हापासून फोनवर "आहे की, घरीच आहे, देते" असं म्हणताना काकूंचं तोंड एवढंसं व्हायचं.

संचिताही हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. ठाकुर्लीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या खोलीत तिने फळा लावला, फोन स्टँडवर चढवला आणि यूट्यूबवर दहावीचं बीजगणित मराठीतून शिकवायला लागली. शूटिंगच्या वेळी पंखा बंद, कुकर बंद, काकूंचं खोकणंसुद्धा बंद. एवढा घाम गाळून तीन महिन्यांत सबस्क्राइबर किती? एकसष्ट.

काकूंचा राकेश तसा वाईट नवरा नाही, पण बायको अशी कोमेजलेली त्याला बघवेना. त्याने ठाण्याच्या एका मोठ्या क्लासमध्ये तिच्यासाठी शब्द टाकला. तिथे शिकवायचं नव्हतं, पालकांना फोन करून 'ॲडमिशन घ्या' म्हणायचं होतं. नवरा-बायकोत ठरलं, की दसऱ्यापर्यंत हजार सबस्क्राइबर झाले तर चॅनेल चालू, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून ठाणे.

"हजारच ना?" काकू मनात म्हणाल्या. "एवढी माणसं तर मी नुसत्या ओळखीत गोळा करीन!"

आणि कंबर कसली की हो बाईंनी! घरात पाच दिवसांचा गणपती. बिल्डिंग, भजनी मंडळ, माहेरचे, मोहने गावची नणंद, तिच्या जावा, सगळे दर्शनाला यायचे. पाहुण्याने हात जोडले, नमस्कार केला, की काकू ताट घेऊन समोर उभ्या. "मोदक मागाहून. आधी फोन काढा." लाल बटण, मग घंटा, मग एकेक व्हिडिओ उघडून अंगठा, की बंद. "बघायला वेळ नसला तरी चालेल हो, अंगठा तेवढा विसरू नका. रोज नवीन येईल, त्यालाही द्यायचा." पाचव्या दिवशी विसर्जनाला निघताना आकडा होता चारशे बारा. बाप्पासमोर काकूंनी हळूच डोळे पुसले.

आठवडाभराने संचिता फोन घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"आई, रागावणार नाही ना? हा आलेख बघा. आधी एकसष्टच होती, पण त्यांतली तीसेक मुलं शेवटपर्यंत बसायची. आता चारशे आहेत, आणि रेघ बघा कशी पडते. आठव्या सेकंदाला सगळे गायब."

"मग? लग्नात आपण काय वरातीपर्यंत बसतो? अक्षता टाकायच्या, तोंड दाखवायचं, निघायचं. आलो होतो हे कळलं म्हणजे झालं."

"तिथे नवरीला आपलं माणूस कळतं हो. या मशीनला एवढंच कळतं, की चारशे आले आणि लगेच उठून गेले. ते म्हणतं, हिच्या घरचेच बसत नाहीत, तर परक्याला कशाला बोलावू? नवीन मुलांना माझा व्हिडिओ दिसेनासाच झालाय."

काकूंनी फोन तिच्या हातात परत दिला. "म्हणजे मीच तुझं वाटोळं केलं म्हण की!"

"तसं नाही हो, आई," संचिता म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

दुपारी काकू जेवल्या नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेचा एक व्हिडिओ उघडला. हो, पहिल्यांदा! साडेतीनशे जणांकडून अंगठे देववले, आणि स्वतः? स्वतःही आठ सेकंदांच्या वर कधी थांबल्या नव्हत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला गणित काय कळणार, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. या गोष्टीची त्यांना फार लाज वाटली.

फळ्यावर वर्गसमीकरण होतं. मागे नेत नेत त्यांनी ते तीनदा बघितलं आणि तडक आतल्या खोलीत गेल्या.

"संचिता, दोन कंस केलेस, त्यांचा गुणाकार शून्य म्हणालीस. इथपर्यंत ठीक. मग लगेच 'म्हणून हा तरी शून्य नाहीतर तो तरी' कसं म्हणालीस? ते कुठे सांगितलंस?"

"ते सगळ्यांना माहीत असतं, आई."

"मला नाही माहीत."

चौदा वर्षं संचिता ही ओळ लिहीत आली होती, आणि एकाही मुलाने हे विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत कोणाला? तिने खडू खाली ठेवला. "बरं, असं बघा. पंगतीत जितके पाट, गुणिले प्रत्येक पाटावर जितक्या पुरणपोळ्या, तितक्या एकूण पोळ्या. आता मी म्हटलं, एकूण पोळ्या शून्य. तर काय झालं असेल?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "एक तर पंगतीला कोणी बसलंच नाही. नाहीतर वाढायला पोळीच नव्हती."

"दोन्ही असेल तरी?"

"तरी शून्यच. पण पाटही आहेत आणि पोळ्याही आहेत, तर शून्य व्हायचंच नाही!" काकूंनी टाळीच वाजवली. "अगं, मग हे सांग ना तिथे!"

दुसऱ्या दिवशी संचिताने तेच सांगितलं, पाट आणि पोळ्यांसकट.

आणि काकू? नवरात्रात त्या पुन्हा घरोघर निघाल्या. ज्यांच्या हातून लाल बटण दाबून घेतलं, त्यांच्याच दारात जाऊन म्हणायचं, "बघणार असाल तर राहा, नाहीतर काढून टाका, राग नाही." सोपं आहे का हो? भजनी मंडळात तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकूंनी ते गिळलं आणि पुढच्या दारावर टकटक केली.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर राकेशने विषय काढला. "किती झाले?"

"एकशे सात," संचिता म्हणाली.

"चारशेचे एकशे सात?" राकेशने विचारलं. काकूंनी मान खाली घातली.

"पोळ्यांचा व्हिडिओ त्र्याऐंशी मुलांनी शेवटपर्यंत बघितलाय. हे वाच, जालन्याची मुलगी आहे. 'मॅडम, मला हेच कळत नव्हतं, पण वर्गात विचारायची लाज वाटायची.'" संचिताने फोन त्याच्या हातात दिला. "राकेश, शाळेत शेवटच्या वर्षी माझ्यासमोर एकोणीस मुलं होती. एकोणिसांसाठी मी रोज जात होते. इथे त्र्याऐंशी बसलीत, आणि मी उठून ठाण्याला जाऊ?"

राकेशने त्या मुलीची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाला, "नको जाऊस. मी चुकीचं मोजत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीचं दार बंद होतं, पंखा बंद होता. राकेशने कुकरची शिट्टी काढून ओट्यावर ठेवली होती. संचिताचा फोन स्टँडवर, म्हणून क्लासवाल्यांचा फोन राकेशने दिलेल्या काकूंच्या नंबरवर आला.

"संचिता मॅडम आहेत का? आज जॉइन होणार होत्या ना?"

"नाही येणार ती. संध्याकाळी स्वतः बोलेल तुमच्याशी."

"मग आत्ताच द्या ना, घरीच असतील."

काकू फोन घेऊन गॅलरीत गेल्या, दार ओढून घेतलं, आणि शेजारच्या खिडकीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आत्ता नाही देता येणार. बाई तासावर आहेत!"