कोंदलेला डावा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीच्या तोंडावर डावीकडे बसवलेला. माझी हकिकत फारशी अभिमानाची नाही. सांगताना आजही ओशाळल्यासारखं होतं.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी काच लख्ख होती आणि पाठीला एक बारीक छिद्र होतं. आत धरलेली वाफ तिथून बाहेर पडे. आमचे मास्तर शिस्तीचे पक्के, पण त्यांचा सगळा जीव टायरांवर. दर सोमवारी, गाडी हलण्याआधी, टायर गार असतानाच ते हवा मोजत. खाचांत अडकलेले खडे काढत, टायर एकाच बाजूने झिजलाय का ते बोटांनी चाचपत. "गाडी रस्त्याला चार तळहातांएवढीच टेकते," असं शिकाऊंना बजावत. टायरांचे हे लाड पाहून मी मनातून जळायचो, खोटं कशाला बोलू?

एका पावसाळ्यात माझ्या आत दव धरू लागलं. सकाळी धरे, दुपारपर्यंत सुके. मास्तरांना मात्र चैन पडेना. पाठीचं छिद्र दिसताच "हा बघा, चोर सापडला!" म्हणत त्यांनी ते गोंदाने बुजवून टाकलं. मी खूश झालो. शेवटी माझ्याकडेही कुणाचं लक्ष गेलं होतं! पण पाणी येत होतं ते काचेभोवतीच्या रबराला गेलेल्या चिरेतून. आता ते येतच राहिलं आणि वाफेची बाहेर जायची वाट बंद झाली.

त्याच सुमारास बेकरीवाल्या ताई गाडी शिकायला आल्या. नवऱ्याची नजर अधू झाली होती. बेकरीची व्हॅन आता त्यांनाच चालवायची होती, नाहीतर बेकरीला टाळं लागणार होतं. परीक्षेच्या सकाळी नेमकं धुकं पडलं. अधिकाऱ्यांनी दिवे लावायला सांगितले. उजवा झकास लागला. मीही लागलो, पण माझा उजेड आतल्या पाण्यातच अडकला. वीतभरही पुढे जाईना.

"ही गाडी परीक्षेला चालणार नाही," अधिकारी म्हणाले. "आता महिन्यानंतर या."

ताईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर माझ्यापाशी वाकले, गोंद पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. नको तिथे शहाणपणा केला मी."

त्या दुपारी त्यांनी मला उतरवलं, गोंद खरवडला, उन्हात वाळवलं आणि नवं रबर बसवलं. तरी महिन्याने ताईंनी परीक्षा दिली ती दुसऱ्या स्कूलच्या गाडीवर. पास झाल्या. मला आनंद झाला आणि तोंड लपवावंसंही वाटलं.

मग एके दिवशी बेकरीची व्हॅन आमच्या फाटकात येऊन थांबली. ताई खाली उतरल्या.

"मास्तर, हिच्या दिव्यात पाणी धरतंय. बघता का जरा?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "मागे मी काय करून ठेवलं होतं, विसरलात की काय?"

"विसरेन कशी? पण तुम्हीही विसरला नसाल. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मास्तरांनी व्हॅनपुढे रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि बराच वेळ त्या दिव्याकडे नुसते पाहत राहिले. हात लावला नाही.

मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. फक्त हात लावण्याआधी, पाणी येतंय कुठून, एवढं पाहत चला.